नुक्ता सुटलेली सही

आर्णीतल्या एका अभ्यासिकेच्या वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर जी सही आहे ती माझ्या उस्ताद चाचांची नाही. ती मी केलेली आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या ऑफिसात ते सांगायला हवं होतं तिथे तर नाहीच. चाचांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद हातात घेतला आणि त्यांना कळलं. पण समोरच्याला कळणं वेगळं आणि आपण तोंडाने म्हणणं वेगळं. त्या दोहोंच्या मधल्या जागेत मी सहा वर्षं बऱ्यापैकी आरामात राहिलो.

वाचून कोणाला माझी कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. आलीच तर ती चुकीच्या माणसाची येते आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

मी दरवाजे करतो. सुतार नाही. अंगठा टेकवला की उघडणारे, कार्ड दाखवलं की उघडणारे दरवाजे. चौकटीला वर चुंबकाचं कुलूप बसवायचं, दाराला लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दोन गडी लोंबकळले तरी दार हलत नाही. हे सगळं बारा व्होल्टवर चालतं. बारा व्होल्टचा माणसाला झटकाही लागत नाही, म्हणून धंद्यातले सगळे म्हणतात की याला लायसन लागत नाही. मीही म्हणायचो, आणि इतरांपेक्षा मोठ्या आवाजात, कारण माझ्याकडे लायसन नव्हतं.

चाचांकडे होतं. वीजजोडणीचं पक्कं सरकारी लायसन, दुकानात काचेच्या चौकटीत लावलेलं. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. पंपाची मोटार बांधण्यापासून फिटिंगपर्यंत सगळं त्यांच्याकडे शिकलो, आणि अकरा वर्षांत ते मला एकदाही आवडले नाहीत. समोरच्याने आत्ताच काहीतरी फोडलंय अशा सुरात ते प्रत्येकाशी बोलायचे. गिऱ्हाइकाशीसुद्धा.

बारा व्होल्टवरून आमची शंभरदा तरी जुंपली असेल.

"बारा व्होल्ट येते कुठून?" ते विचारायचे. "आभाळातून?"

"अ‍ॅडाप्टरमधून."

"अन् अ‍ॅडाप्टरमदी?"

"लाईनीतून."

"मंग लाईनले लायसन लागते का नाई?"

"लाईनले लागते. दाराले नाई लागत."

"हुश्शार! भिंतीपासून अ‍ॅडाप्टरपर्यंत तार माही, अ‍ॅडाप्टरपासून दारापर्यंत तुही. अन् दाराच्या मांगं माणूस कोंडला तं तो कोनाच्या तारेचा? ते सांग ना बे."

पुढे मी त्यांच्याकडून निघालो आणि त्याच रस्त्यावर तीन दुकानं सोडून स्वतःचं दुकान टाकलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं, आणि त्यांनी लावून घ्यावं म्हणूनच मी ती जागा निवडली होती. निघताना त्यांनी मला अनुभवाचा दाखला मात्र लिहून दिला. इतकी इतकी वर्षं काम केलं, काम चोख. खाली सही, उर्दूत. दाखला टेबलावर सरकवत म्हणाले, "घे. कधी अक्कल आली तं परीक्षा दे. लायसन काढ."

त्यांच्या सहीबद्दल सांगितलं पाहिजे. नवीन जोडणी किंवा वाढीव भार हवा असला की वीज कार्यालयात टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. जागेतली सगळी जोडणी लायसनवाल्याने तपासली आहे, धोका नाही, असा तो कागद. गावोगाव हे कागद तयार सह्या करून ठेवलेले मिळतात. जागा कोणी पाहत नाही. चाचा पाहायचे. त्यांची एक रीत होती. दोन-तीन कोरे कागद ते आधी शिक्का मारून ठेवत, पण सही जागा पाहून आल्यावर आणि तिथेच उभं राहून करत. म्हणायचे, "शिक्का कोनीबी मारते. सही डोळ्यानं होते."

वेगळं दुकान टाकल्यावरही माझ्या कामांच्या टेस्ट रिपोर्टला तेच यायचे. आमचं बोलणं कमी आणि टोमणे जास्त, पण कामं होत होती. अशाच एका कामाच्या वेळी एक कागद जास्तीचा आला. शिक्का होता, सही नव्हती. मी तो परत केला नाही. का, ते आता नक्की आठवत नाही. बहुधा विसरलो. नंतर मुद्दाम विसरलो.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना सगळे सर म्हणायचे. कोणत्या शाळेत शिकवत होते देव जाणे. पहिल्या मजल्यावरचा टिनाचा हॉल, त्यात पार्टिशन घालून एका बाजूला पोरी, एका बाजूला पोरं. भरतीची, तलाठ्याची, बँकेची तयारी करणारी. पोरींच्या बाजूचं दार त्यांना अंगठ्याचं हवं होतं.

"एकदम सेफ पाहिजे," सर म्हणाले.

मी कुलूप दाखवलं. खोक्यावर फेल-सेफ असं छापलेलं होतं. त्याचा अर्थ असा की वीज गेली की कुलूप सोडून देतं, दार उघडं होतं, आतला माणूस अडकत नाही. हे मी सरांना नीट सांगितलं.

"लाईन गेली की उघडते? मंग कायचं सेफ?" सर हसले. "आपल्याकडे लाईन दिवसातून चारदा जाते. पालक मले विचारतील. तसं चालत नाही."

तेव्हा मी कुलपाला बॅटरी लावली. लाईन गेली तरी कुलूप धरून राहील. अंगठ्याची मशीन मात्र सरळ लाईनवरच ठेवली, कारण दोन्ही चालवायला बॅटरी मोठी घ्यावी लागली असती आणि सरांना भिंतीवर ते मोठं डबडं नको होतं. म्हणजे लाईन गेली की मशीन मेली आणि कुलूप जिवंत. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंही होतं. मी मनात म्हटलं, पाच-दहा मिनिटांनी लाईन येतेच.

सरांची आणखी एक हौस होती. बाहेर जातानाही अंगठा. कोणती पोरगी चहाला किती वेळा उतरते ते मोबाईलवर दिसायला हवं. म्हणून आतून उघडायचं साधं बटणही लावलं नाही. आत मशीन, बाहेर मशीन.

एसीसाठी वाढीव भार हवा होता, म्हणून टेस्ट रिपोर्ट लागला आणि म्हणून चाचा आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मेन स्वीच पाहिला, अर्थिंग पाहिलं, मान हलवली. मग दारापाशी उभे राहिले. आत गेले. अंगठ्याच्या मशीनकडे पाहिलं. चौकटीवर हात फिरवून बटण शोधलं.

"आत यायले अंगठा, समजलं," ते म्हणाले. "भाईर जायले अंगठा कायले?"

"सरांना रेकॉर्ड पाहिजे," मी म्हणालो.

"पोट्ट्या हायेत का ढोरं? कोंडवाडा केला का तुमी हा?" हे सरांकडे पाहून. मग माझ्याकडे. "तुले मी हे शिकवलं? अकरा साल माह्या घरचा चहा पेला, अन् हे शिकला?"

हॉलमध्ये पोरी बसल्या होत्या. दोघीतिघी पुस्तकाआड हसल्या. सरांनी चाचांना काहीतरी तिखट उत्तर दिलं, चाचांनी त्याहून तिखट दिलं. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं. "बटन लाव. बॅटरी काढ. मंग बोलव, सही करतो." आणि जिना उतरून गेले.

मला राग काम वाढल्याचा आला नाही, पोरींच्या त्या हसण्याचा आला. लोक अशा गोष्टी पैशासाठी करतात, निदान तसं समजता तरी येतं. मी केली ती फक्त त्या म्हाताऱ्यावाचून माझं अडत नाही हे दाखवायला. दुकानात आलो, पिशवीतला तो शिक्क्याचा कागद काढला, अनुभवाचा दाखला समोर ठेवला आणि त्यावरची सही पाहून पाहून उतरवली.

मला उर्दू येत नाही. ती उजवीकडून डावीकडे लिहितात हे ठाऊक होतं, पण माझा हात तसा चालेना. मी डावीकडून सुरुवात केली, रांगोळी काढावी तशी एकेक रेघ ओढत गेलो. ओळ जमली, वळण जमलं. चार वाजता कागद वीज कार्यालयात दिला. सरांना म्हटलं, चाचा नरमले. सरांनी विचारलंही नाही.

त्यानंतरचा उन्हाळा. मे महिन्यात आर्णीत दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. मी त्या दिवशी पांढरकवड्याला हायवेवरच्या एका लॉजचं काम करत होतो. दीडच्या सुमारास अभ्यासिकेच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर गेला. पाच-दहा मिनिटांत लाईन आली नाही. एसी बंद, टिन तापलेला, मशीन मेलेली, कुलूप धरून. आत पोरी. सर दिग्रसला लग्नात, फोन बंद. पोरांनी बाहेरून लाथा घातल्या, दार हललं नाही. हलू नये म्हणूनच मी ते लावलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी म्हणालो, येतो. दीड तासाचा रस्ता. एक तार कापली की दार सुटतं, हे मी फोनवर सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बॅटरी मी लावली हे कळलं असतं. याहून खरं असं या कागदावर मी काही लिहू शकणार नाही.

आत एक पोरगी बेशुद्ध पडली. दुसरी, पोलीस भरतीची तयारी करणारी, रोज सकाळी मैदानावर धावणारी, मागच्या खिडकीतून खाली उतरायला गेली. पत्र्यावर पाय सटकला आणि घोटा मोडला. तिसरीने खिडकीतून चाचांच्या नावाने हाक मारली, कारण त्यांचं दुकान खालच्याच रस्त्यावर होतं.

चाचा पक्कड घेऊन जिना चढले. दाराबाहेरचं बॅटरीचं खोकं उघडलं, तारांकडे एकदा पाहिलं आणि बॅटरीची लाल तार कापली. दार उघडलं. बाहेर आलेल्या पोरींना त्यांनी स्वतःच्या दुकानातलं रांजणाचं पाणी पाजलं.

आणि गावाने पहिला निष्कर्ष काय काढला? "पाहा, त्यालेच बरोबर मालूम कोणती तार कापायची. त्यानंच लावलं असन." मी साडेतीन वाजता पोचलो तेव्हा हे वाक्य जिन्यावरच ऐकलं. ते तिथेच खोडून काढता आलं असतं. मी बाजूने वर गेलो.

घोटा मोडलेल्या पोरीच्या बापाने तक्रार केली. बरोबर केली. टेस्ट रिपोर्ट निघाला. शिक्का चाचांचा, सही चाचांची. यवतमाळला एका सरकारी कार्यालयात आम्हा तिघांना बोलावलं. सर, चाचा, मी. सर आणि मी बसने एकत्र गेलो. चाचा त्याच बसमध्ये पुढे बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तिथल्या साहेबांनी मला आधी विचारलं. मी म्हणालो, "साहेब, मी फक्त दार बसवलं. बारा व्होल्टचं काम. त्याला लायसन लागत नाही. लाईनीकडचं, बॅटरीचं, सगळं चाचांचं."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांच्याही सोयीचं होतं. सगळं लायसनवाल्यावर गेलं की बिनलायसनवाले सुटतात.

चाचांनी कागद मागितला. चष्मा नाकावर ढकलून पाहिला. मग कागद साहेबांसमोर ठेवून त्यावर बोट टेकवलं.

"साहेब, ही सही माही नाही."

"शिक्का तुमचाच आहे ना?"

"शिक्का माहा हाय. सही नाही. इथं वर नुक्ता पाह्यजे. एक ठिपका. नुक्ता नसला तं 'ख'चा 'ह' होते. माणूस आपलं नाव चुकीचं लिहीत नाही, साहेब. मी दुसरीपासून हे नाव लिहून राह्यलो."

साहेबांनी कागद उजेडात धरला. त्यांना उर्दू येत नव्हतं. तिथे कोणालाच येत नव्हतं. "चाचा," ते हसत म्हणाले, "वय झालं. या वयात नुक्ता सुटतो." शेजारच्या टेबलावरचाही कोणीतरी हसला. सर हसले. मीही हसलो. ते हसू कसं आलं ते माहीत नाही, पण आलं, आणि चाचांनी ते पाहिलं.

ते माझ्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. माझ्या घरातल्या फाइलमध्ये त्यांनी दिलेला दाखला होता, खऱ्या सहीचा, नुक्ता असलेला. तो समोर ठेवला असता तर पाच मिनिटांत फरक दिसला असता. त्यांना ते आठवलं असणार. मागितला नाही. माझ्याकडून काही मागायचं नाही, असं त्यांनी त्या खोलीत ठरवलं असावं.

लायसन रद्द झालं. दुकानातली काचेची चौकट उतरली, भिंतीवर चौकोनी फिकट जागा राहिली. फिटिंगची कामं गेली. ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करू लागले. रस्त्याने जाताना लोक एकमेकांना म्हणत, हाच तो, पोरी कोंडणारा. ज्याने दार उघडलं त्याला हे नाव पडलं, आणि ज्याने बंद केलं त्याला गावाने "तहसीलच्या ऑफिसचं काम कर, बँकेचं काम कर" म्हणून बोलावलं.

चाचांनी मला एकच नाव ठेवलं. मी दुकानावरून गेलो की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा बाजूले सरका भाऊ, बारा व्होल्ट येऊन राह्यले. झटका नाही लागत म्हणतेत." लोकांना वाटायचं, जुना उस्ताद चेल्याची गंमत करतो आहे.

दोन वर्षांनी मी परीक्षा दिली आणि लायसन काढलं. अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागतो. मी चाचांचाच जोडला, मूळ कागद दाखवून झेरॉक्स दिली. साहेबांनी तारीख पाहिली, चाचांचं लायसन रद्द होण्याच्या आधीची होती, चालला. आता माझ्या दुकानात काचेची चौकट आहे. दार बसवतो तेव्हा आतून बटण लावतो, बॅटरी मशीनलाही देतो, आणि गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर काम सोडतो. यामुळे मी चांगला माणूस झालो असं नाही. एवढं काम मला आधीही येत होतं.

मागच्या महिन्यात, सकाळी अकरा-साडेअकराला, चाचा माझ्या दुकानात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खिशातून बँकेची स्लिप काढून काउंटरवर ठेवली.

"सही जुळून नाही राह्यली," ते म्हणाले. "हात थरथरते. बँकवाला म्हणते, चाचा, जुन्यासारखी करा. मी म्हटलं, थांब, माह्यासारखी सही करणारा एक माणूस हाय गावात."

"चाचा..."

"कर ना. लाजतो काहून? तुले येते." त्यांनी खिशातलं पेन काढून स्लिपवर ठेवलं. "डावीकडून सुरू करतो ना तू? मले कागद पाहूनच समजलं होतं. रेघ उलटी चालली हाय. साहेबाले काय सांगू, त्याले तं सुलटी पण वाचता येत नव्हती."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकाने विचारलं, "काय झालं चाचा?"

"काही नाही बाबू. बारा व्होल्टचं काम हाय."

मी पेन उचललं नाही. त्यांनी स्लिप घडी करून खिशात घातली, पेन तिथेच ठेवलं. दारापर्यंत जाऊन थांबले. माझ्या दुकानाच्या दाराला आतून हिरवं बटण आहे. ते त्यांनी दाबलं, दार सुटल्याचा आवाज ऐकला, पुन्हा दाबलं.

"हे चांगलं केलं," म्हणाले. चांगलं म्हणण्याचा सूर नव्हता. "पेन ठेव. कधी सही केली तं नुक्ता नको इसरू."

पेन अजून काउंटरवर आहे. त्याच पेनाने हे लिहितो आहे. एवढी पानं झाली, पण जो कागद लिहायचा आहे तो हा नाही. तो कागद एका पानाचा आहे. यवतमाळच्या त्या कार्यालयाच्या नावाने, माझ्या नावाने, माझ्या सहीने. त्यात लिहायचं आहे की टेस्ट रिपोर्टवरची सही माझी आहे, बॅटरी माझी आहे, चाचांनी सही करायला नकार दिला होता आणि दार त्यांनी उघडलं. सोबत नुक्ता असलेला दाखला जोडायचा आहे. त्यानंतर माझं लायसन जाईल, आणखीही काही होईल.

तो कागद मी अजून दिलेला नाही. चाचांचं मी तेवढं देणं लागतो.